म्हाळूनं घर उबेनं भरलं

एका उंच पठारावर घुमटेवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. बाकीचं गाव दुसरा शब्द वापरायचं.

घुमटेवाडीत दोनच गोष्टी फुकट मिळायच्या. वारा आणि थंडी. वाऱ्यासाठी कुणीतरी पठारभर पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या. थंडीसाठी कुणी काही केलं नव्हतं. माघात गवतावरचं दव गोठायचं. म्हातारी माणसं घोंगडीतून तोंड बाहेर काढायची ती जेवायलाच. पोरांची नाकं होळीपर्यंत वाहायची.

आणि गंमत बघा. पावसाळ्यात वारा पिसाळायचा, चक्क्या गरागरा फिरायच्या, तेव्हा वीज कुणालाच नको असायची. खाली शेतातले पंप बंद, घराघरातले पंखे बंद. मग वरून फोन यायचा, "वीज जास्ती झाली, चक्क्या थांबवा." वारा घोंघावतोय आणि चक्क्या हात पसरून गप्प उभ्या. सहा महिन्यांनी तेच गाव काटक्या गोळा करत हिंडायचं. याला कारभार म्हणतात.

मग कराडहून तांबोळी मॅडम आल्या. इंजिनियर होत्या. त्या म्हणाल्या, "ही जास्तीची वीज आपण ठेवून देऊ. ऊब करून ठेवू. थंडीत वापरू."

"कशात ठेवणार?" सरपंच बाजीमामांनी विचारलं.

"वाळूत."

गाव पोट धरून हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भडभुंज्याची कढई बघितलीय ना? चूल विझली तरी वाळू किती वेळ चटके देते? तसंच हे. फक्त कढई घराहून मोठी, आणि तिला बाहेरून जाडजूड पांघरूण. पावसाळ्यात तापवलेली वाळू माघापर्यंत गरम राहते. तिच्यातून वारा फुंकला की गरम होऊन नळ्यांनी घराघरात जातो."

हे मात्र गावाला पटलं. फुटाणे सगळ्यांनीच खाल्ले होते.

गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर, पत्र्याची भलीमोठी कोठी उभी राहिली. वाळू गावानं ओढ्यातून काढली. अख्खा उन्हाळा लोकांनी पाट्या वाहिल्या. म्हाळूनंही वाहिल्या. त्याला पाटी भर म्हटलं की तो भरायचा, आणि रिकामी कर म्हणेपर्यंत डोक्यावर घेऊन उभा राहायचा. कोठीच्या तळाशी एक मोठं लोखंडी दार ठेवलं होतं, पुढंमागं वाळू बदलायची झाली तर. त्या दाराला कुणी हात लावायचा नव्हता. म्हणून ते कसं उघडतं हे सगळ्यात आधी म्हाळूला दाखवलं.

कारण कोठीचा राखणदार म्हाळू होता. म्हाळूच का? तर बाजीमामा त्याचे सख्खे मामा. दुसरं कारण, म्हाळूचं घर कोठीच्या बरोबर खाली, उताराला लागून. काम एवढंच की हिरवा दिवा लागला की खटका वर करायचा, लाल लागला की खाली.

"एवढं तर माझी म्हैससुद्धा करेल," मामा म्हणाले.

पण म्हैस रिकामी नव्हती. ती दूध द्यायची.

म्हाळूची बायको येसू. ती पोटुशी होती, पौषात बाळंत व्हायची होती. तिचं माहेर कुंडवाडी. म्हाळूच्या घरामागून ओढा निघायचा तो कड्यावरून घसरत खाली थेट कुंडवाडीच्या कुंडात जायचा, इतकं जवळ. येसूची आई ठकूबाई. या बाईला जावई कधीच पसंत नव्हता. तिला फक्त पुरावा हवा होता.

तो म्हाळू देणारच होता.

मॅडम कोठी सुरू करून कराडला निघाल्या तेव्हा त्यांनी म्हाळूला समोर उभं केलं.

"म्हाळू, एकच गोष्ट लक्षात ठेव. जास्तीचं जे असेल ते वाया जाऊ द्यायचं नाही. कोठीत टाकायचं."

"जास्तीचं ते कोठीत," म्हाळू म्हणाला.

म्हाळूनं ते डोक्यात घातलं. डोक्यात जागा भरपूर होती.

वाळू चांगली तापली तेव्हा बाजीमामांनी गावजेवण घातलं. भात, आमटी, शिरा. मॅडमही आल्या होत्या, त्या दिवशी नळ्यांतून हवा सोडून बघणार होत्या. पंगती उठल्या. आमटीचं एक मोठं पातेलं उरलं.

"एवढी आमटी जास्ती झाली," मामा हळहळले. "आता वाया जाणार."

म्हाळू लगेच उठला. पातेलं उचललं, शिडी चढला, कोठीचं झाकण काढलं आणि आमटी आत ओतली.

भुस्सकन वाफ आली. म्हाळूच्या भुवया गेल्या. त्याच वेळी मॅडमनी हवा सोडली, आणि घुमटेवाडीच्या प्रत्येक घरात नळीतून गरमागरम आमटीचा वास शिरला. ज्यांची एकादशी होती त्यांचा उपास नाकातून मोडला. पुढं कितीतरी दिवस गावात कुणी काहीही शिजवलं तरी घरात आमटीच झाल्यासारखं वाटायचं.

"आरं म्हाळ्या!" मामा खालून ओरडले. "ओलं टाकतोस व्हय कोठीत? ओलं दिसलं की बाहेरच थांबवायचं! वाळल्याशिवाय आत न्हाई! कळलं?"

"व्हय मामा. वाळल्याशिवाय आत न्हाई."

म्हाळूनं तेही डोक्यात घातलं. आधीचं काढलं नाही, त्याच्यावरच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ठकूबाई लेकीला भेटायला निघाली. डोक्यावर टोपली, टोपलीत लेकीसाठी काय काय. अर्धा कडा चढली आणि पठारावरचा तो तिरपा पाऊस सुरू झाला. छत्री उलटी झाली. घराच्या दारात पोचली तेव्हा लुगड्यातून पाणी ठिबकत होतं आणि दात वाजत होते.

दारात म्हाळू आडवा उभा.

"आत्याबाई, ओल्या झालात?"

"दिसत न्हाई का? सरका."

"वाळल्याशिवाय आत न्हाई."

"काय?"

"दोरी तिकडं हाय," म्हाळू अदबीनं म्हणाला, आणि कपडे वाळत घालायची दोरी दाखवली.

आतून येसू ओरडली, "अवो, आई हाय ती माझी!"

"आई असली तरी ओलीच हाय की," म्हाळू म्हणाला.

ठकूबाई गोठ्याच्या वळचणीला उभी राहिली. शेजारी एक शेळी होती. शेळी कोरडी होती, म्हणून म्हाळूनं शेळीला आत घेतलं. शेवटी शेजारच्या बायका धावून आल्या आणि त्यांनी म्हाळूला बाजूला ओढलं तेव्हा ठकूबाई आत आली. चुलीजवळ बसून तिनं जावयाला ऐकवायला सुरुवात केली.

"जावयबापू, दारात आलेलं कुणी गारठलेलं दिसलं की काय करायचं असतं? आधी आत घ्यायचं. घोंगडीत गुंडाळायचं. उबेला बसवायचं. काय हवं नको ते मग इचारायचं. एवढं तरी शिकवलं का न्हाई तुमच्या आयशीनं?"

"न्हाई," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. अजून जागा होती.

दसऱ्याच्या सुमाराला वरचे साहेब कोठी बघायला येणार म्हणून निरोप आला. बाजीमामांना घाम फुटला. त्यांनी केसांना कलप लावला, पांढरा सदरा घातला आणि साहेबांच्या सरबतासाठी खालच्या बाजारातून बर्फाची आख्खी लादी मागवली. टेम्पोवाल्यानं भुश्यात घालून, गोणपाटात गुंडाळून ती लादी आणली आणि कोठीजवळ म्हाळूच्या स्वाधीन केली.

म्हाळूनं गोणपाटावर हात ठेवला. बर्फासारखं गार. त्यानं गोणपाट जरा सरकवला. आत पाव्हणा पांढराफटक पडलेला, पार ताठरलेला.

"आयायाया," म्हाळू कळवळला.

त्यानं लादीला आत घेतलं. कोठीला लागून जी नळ्यांची खोली होती, तिथली सगळ्यात गरम नळी शोधली. आपली घोंगडी लादीला गुंडाळली आणि तिला नळीला टेकवून बसवलं. थोडा वेळ गेला.

"बरं वाटतंय का पाव्हणं?" त्यानं विचारलं.

पाव्हणा रडायला लागला. म्हाळूला वाटलं, मायेनं रडतोय. त्यानं घोंगडी आणखी घट्ट केली. पाव्हणा आणखीच रडला. रडून रडून सुकला आणि एवढासा झाला. शेवटी घोंगडीत कुणीच राहिलं नाही.

"न सांगता गेला," म्हाळूनं मामांना सांगितलं.

मामांनी ओल्या घोंगडीकडं बघितलं. मग म्हाळूकडं. साहेबांची गाडी घाट चढायला लागली होती.

"मूर्खा! गार असू दे न्हाईतर गरम असू दे, वस्तू झाकून ठेवायची असती! म्हणून तर कोठीला एवढं पांघरूण घातलंय! गरम दिसलं की दार लावून घ्यायचं आणि मग उघडायचं न्हाई! कुणी कितीबी बोंबललं तरी न्हाई!"

"कुणी कितीबी बोंबललं तरी न्हाई."

म्हाळूनं ते डोक्यात ठेवलं. मामा नळ्या ठीक आहेत ना बघायला खोलीत शिरले. खोली गरम. दार उघडं.

म्हाळूनं दार लावलं आणि बाहेरून कडी घातली.

साहेब आले. मॅडम आल्या. हार तयार, नारळ तयार, सरपंच कुठं दिसेना. कोठीच्या बाजूनं मात्र धाडधाड आवाज.

"हा आवाज कसला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मामा हायत आत," म्हाळू म्हणाला.

"आत काय करतायत?"

"तापत्यात."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी जमिनीकडं.

"मग बाहेर कधी येणार?"

"पौषात काढायचेत," म्हाळू म्हणाला. "थंडीत."

मॅडम धावल्या. "उघड, म्हाळू! आधी उघड!"

मॅडम बोलल्या म्हणून म्हाळूनं उघडलं, पण ऊब जाऊ नये म्हणून बोटभरच. मामांनी त्या फटीत नाक घातलं. मग हात घातला. मग पोट घालायचा प्रयत्न केला आणि अडकले. कलप कपाळावरून ओघळून पांढऱ्या सदऱ्यावर उतरला होता. साहेबांच्या बरोबर आलेल्या फोटोवाल्यानं एवढंच टिपलं.

"पुरतं उघड, गाढवा!" मामा फटीतून ओरडले. "दार उघडायचं तर सताड उघडावं! आतलं सगळं भाईर येईस्तवर हात काढू नये!"

म्हाळूनं सताड उघडलं. मामा सगळे बाहेर येईपर्यंत हात काढला नाही.

साहेबांनी मामांच्या सदऱ्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "ऊब छान टिकते हो तुमची." कोठी मंजूर झाली. मोठ्या साहेबांना याहून जास्त काही कळत असतं असं समजू नका.

येसू माहेरी गेली. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. पौषात तिला मुलगा झाला. इकडं घुमटेवाडीत नळ्या सुरू झाल्या, आणि खरं सांगायचं तर कधी नव्हे ते त्या वर्षी हिवाळा असल्याचं गावाच्या लक्षातच आलं नाही. म्हातारी माणसं नुसत्या सदऱ्यावर बसून पत्ते खेळायची. म्हाळू खटका वर-खाली करायचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. कारण त्या दिवसांत त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

माघ लागल्यावर तो पोराला बघायला कुंडवाडीला गेला. पोर चिमणीएवढं होतं. म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी हवंसं वाटलं. त्याला ते घरी हवं होतं. येसूही हवी होती.

"कवा पाठवता?" त्यानं ठकूबाईला विचारलं.

ठकूबाई याच प्रश्नाची वाट बघत होती.

"जावयबापू, मला तुम्ही पावसात शेळीच्या जागेवर उभं केलंत. नातवाला कुठं उभं करणार? एका कोपऱ्यात नळी आणि बाकी घर गार, असलं मला चालणार न्हाई. घर उबेनं भरा. भुईपासून आढ्यापर्यंत, काठोकाठ. भरलं की निरोप धाडा, मी सोता लेकीला घेऊन येते. न्हाई भरलं, तर माझी लेक आणि माझा नातू हितंच. कायमचे."

"काठोकाठ," म्हाळू म्हणाला.

येसू त्याच्यामागं दारापर्यंत आली. नवरा तिला माहीत होता.

"अवो, काय करायचं ते मामांना इचारून करा, हं?"

"इचारतो."

आणि त्यानं विचारलं. कुणी म्हणू नये की त्यानं विचारलं नाही. मामा पारावर ऊन खात बसले होते.

"मामा, ऊब कुठं असती?"

"वाळूत असती. आता इतकं झाल्यावर हे इचारतोस?"

"आणि दार कसं उघडायचं?"

"सताड! सांगितलंय ना एकदा! जा आता, डोकं खाऊ नको."

म्हाळू गेला.

त्यानं गोठ्याचे पत्रे काढले, कोठीच्या तळापासून आपल्या दारापर्यंत उतारावर पन्हळीसारखे मांडले. घराचं दार उघडं ठेवलं. मग ते मोठं लोखंडी दार, ज्याला कुणी हात लावायचा नव्हता, त्याला त्यानं हात लावला. आणि आतलं सगळं बाहेर येईपर्यंत काढला नाही.

गरम वाळू घरंगळत निघाली ती सरळ म्हाळूच्या घरात. आधी ओसरी भरली. मग माजघर. कॉट गेली, येसूची पेटी गेली, गोधड्यांचा धूर झाला. वाळू खिडकीपर्यंत आली, मग फडताळापर्यंत. म्हाळू कौलांवर चढला, एक कौल काढून बघितलं. एका कोपऱ्यात वीतभर जागा राहिली होती. त्यानं वरून दोन पाट्या टाकल्या. मग दार लावून घेतलं, कारण गरम वस्तू झाकून ठेवायची असते. आणि कुंडवाडीला निरोप धाडला. "घर काठोकाठ भरलंय. या."

गावातल्या नळ्या एकेक करून गार पडल्या. लोक पत्ते टाकून बाहेर आले. कोठी रिकामी, तिच्या पोटात वारा घुमत होता. तेवढ्यात कुणाचा तरी हात म्हाळूच्या भिंतीला लागला.

"आगागा! हितं हाय!"

सगळं गाव म्हाळूच्या घराला येऊन चिकटलं. म्हातारी माणसं पाठ टेकून ओळीनं बसली. बायकांनी भिंतीला पोरं टेकवली. एकानं दाराच्या फटीशी पापड धरून बघितला. भाजला. शिव्या सगळेच देत होते, पण भिंत कुणी सोडत नव्हतं.

एवढ्यात ठकूबाई आली. मागं येसू, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं पोर. ठकूबाईनं दार ढकललं. हललं नाही.

"आत कुठून जायचं?"

"आत कशाला?" म्हाळू म्हणाला. "आत ऊब हाय."

"आणि माणसांनी कुठं राहायचं?"

"तुम्ही ऊब भर म्हणालात. माणसांचं काय बोलला न्हाईत."

येसूनं पोर छातीशी धरलं. "अवो, माझी पेटी आत होती."

"हाय की. गरम असंल."

मामा पाठ भिंतीलाच ठेवून ओरडले, कारण पाठ काढली की गार लागत होतं. "म्हाळ्या! मॅडमना फोन केलाय, त्या येताहेत, येईस्तवर कुणी हात लावू नका म्हणाल्यात. पण मला दम निघत न्हाई! आत्ताच्या आत्ता ही वाळू होती तिथं टाक!"

"होती तिथं?"

"होती तिथं! मूळ जागी! आणि परत तुझं तोंड दाखवू नको!"

म्हाळूनं आठवून बघितलं. मूळ जागा त्याला चांगली माहीत होती. त्यानंच तर ओढ्यातून पाट्या वाहिल्या होत्या. तो वळसा घालून घरामागं गेला. मागच्या दाराची कडी काढली आणि दार सताड उघडलं.

पुढं लोक भिंतीला टेकून बसलेलेच होते. थोड्या वेळानं एक म्हातारा म्हणाला, "आरं, भिंत गार का लागाय लागली?"

सगळे मागं धावले तेव्हा आवरायला काही उरलं नव्हतं. माघातला ओढा म्हणजे गुळगुळीत कातळाची घसरगुंडी आणि तिच्यावर पाण्याची एक बारीक धार. गावाचा अख्खा हिवाळा त्या घसरगुंडीवरून धूर सोडत, फसफसत, कड्याखाली चालला होता. सरळ कुंडवाडीच्या कुंडात.

थंडी वाजायला लागली होती.

मग खालून कुंडवाडीचा एकजण धापा टाकत वर आला. अंगावर फक्त टॉवेल होता, आणि तो हसत होता.

"ठकूबाई! अगं कुंडाला गरम पाणी आलंय! चल लवकर!"

कुंडवाडीनं आधी नारळ फोडला होता आणि मग कपडे काढले होते. सगळी वाडी गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. ठकूबाईनं जावयाकडं बघितलं. लग्नापासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

"जावयबापू, आयुष्यात एक काम नीट केलंत," ती म्हणाली. "फकस्त माझ्या दारात केलंत." आणि तिनं नातवाला घेतलं, लेकीचा दंड धरला, चालायला लागली.

"येसू कवा येणार?" म्हाळूनं विचारलं.

"कुंड गरम हाय तवर न्हाई. बाळाला रोज ऊन ऊन आंघोळ सोडून तुमच्या वाळवंटात कशाला धाडू? कुंड गार झालं की येईल."

पाठोपाठ घुमटेवाडीही निघाली. ज्यांनी म्हाळूला चाबकानं फोडायचं ठरवलं होतं ते सगळ्यात पुढं होते, टॉवेल खांद्यावर. मामा धोतर वर खोचून कडा उतरायला लागले. म्हाळू त्यांच्या मागं आला.

"मामा, एक इचारू?"

"तोंड दाखवू नको म्हणलं ना?"

म्हाळूनं तोंड घोंगडीत झाकलं आणि आतून विचारलं, "साहेब आले तवा ती बर्फाची लादी कुठनं आणली होतीत?"

मामांचा जीव कुंडात अडकला होता. त्यांनी सांगितलं. एवढं सगळं होऊनसुद्धा सांगितलं.

दोन दिवसांनी कुंड ऐन भरात होतं. दोन्ही वाड्या पाण्यात. मधोमध बाजीमामा, शेजारी ठकूबाईचा सगळा गोतावळा. खास कुंडासाठी आलेले मोठे साहेब डोळे मिटून म्हणत होते, "टिकते हो, छान टिकते." मॅडम काठावर बसून वाळू परत वर कशी न्यायची याची आकडेमोड करत होत्या. येसू पोराला आंघोळ घालून नुकतीच वरच्या पायरीवर येऊन बसली होती.

वर कड्यावर एक टेम्पो येऊन थांबला. या खेपेला म्हाळूनं बर्फ भुश्यात घालून, गोणपाटात गुंडाळून, नीट झाकून आणला होता. एक थेंब रडू दिला नव्हता. शिकत होता तो.

त्यानं टेम्पोचं फाळकं सताड उघडलं. आतलं सगळं बाहेर जाईपर्यंत हात काढला नाही. लाद्या घसरगुंडीवरून एकामागं एक सुटल्या आणि खाली जी बोंब उठली ती पार कराडपर्यंत गेली. मामा पाण्यातून असे उडाले की कुणी म्हणावं पंख फुटले. साहेबांनी डोळे उघडले ते संध्याकाळपर्यंत मिटलेच नाहीत.

म्हाळू कड्याच्या टोकाशी आला, वाकून खाली बघितलं आणि हाताचा भोंगा करून ओरडला,

"येसूऽऽ! झालं बग गार! चल घरी!"